वर फेकलेले दोन चेंडू एकमेकांना कसे दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन चेंडू सरळ वर फेकले, एक आधी आणि एक नंतर. गुरुत्वाकर्षण वर जाणाऱ्या चेंडूला मंद करतं आणि खाली येणाऱ्याला जोर देतं. म्हणजे पहिला खाली येत असताना दुसरा वर जात असेल, तर एकाचा वेग वाढतोय आणि दुसऱ्याचा कमी होतोय. मग त्यांचा एकमेकांच्या सापेक्ष वेग सतत बदलत राहायला हवा. पण पुस्तकात तर तो स्थिर राहतो असं लिहिलेलं असतं. खरं काय?

पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे. तुमची शंकाही चांगली आहे, कारण ती मनापासून विचार करणाऱ्यालाच पडते. अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना मी पाहिलंय की सूत्र पाठ करून गणित सोडवणाऱ्याला ही अडचण कधी जाणवतच नाही. चेंडू डोळ्यांसमोर आणून बघणारा मात्र इथे हमखास थांबतो.

गोंधळ होतो तो 'मंद करतं' आणि 'जोर देतं' या शब्दांमुळे. ऐकायला ही दोन वेगवेगळी कामं वाटतात. गुरुत्वाकर्षण काम एकच करतं: दर सेकंदाला प्रत्येक वस्तूच्या वेगात खालच्या दिशेने सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतकी भर घालतं. वस्तू वर जात असेल तर त्या भरीमुळे ती मंदावताना दिसते आणि खाली येत असेल तर वेग घेताना दिसते. गुरुत्वाला यातलं काही ठाऊक नसतं. चेंडू वर चाललाय की खाली, जोरात की हळू, याची ते चौकशी करत नाही.

म्हणून वेग नेहमी चिन्हासकट लिहायचा. वरची दिशा धन, खालची ऋण. हिशोब सोपा जावा म्हणून ९.८ ऐवजी १० धरू. आता गुरुत्व म्हणजे प्रत्येक चेंडूच्या खात्यातून दर सेकंदाला १० वजा करणारा कारकून समजा. खात्यात ३० असोत, शून्य असो की आधीच उणे २० असोत, वजावट १० चीच.

एक चेंडू ३० च्या वेगाने आणि दुसरा २० च्या वेगाने एकाच क्षणी वर फेकला (सगळे वेग मीटर प्रति सेकंदात). एक सेकंदानंतर वेग २० आणि १०. दोन सेकंदांनंतर १० आणि शून्य, म्हणजे दुसरा चेंडू आपल्या सर्वोच्च जागी पोचला. तीन सेकंदांनंतर शून्य आणि उणे १०: पहिला शिखरावर, दुसरा खाली निघालेला. चार सेकंदांनंतर उणे १० आणि उणे २०. प्रत्येक जोडीतली वजाबाकी करून बघा. ती दर वेळी १० च येते. दोन खात्यांतून सारखीच रक्कम कापली जात असेल तर शिल्लक कितीही बदलो, दोन शिलकींमधला फरक हलत नाही.

तिसऱ्या सेकंदाकडे जरा नीट बघा, कारण तुमच्या शंकेचं मूळ तिथेच आहे. त्या वेळी पहिल्याचा वेग शून्य आणि दुसऱ्याचा खाली १०. त्याआधी दुसऱ्या सेकंदाला पहिला वर १० ने जात होता आणि दुसरा थांबलेला होता. जमिनीवरून बघणाऱ्याला ही दोन चित्रं अगदी वेगळी वाटतात: आधी एक जण वर पळत होता, आता दुसरा खाली पळतोय. पण दुसऱ्या चेंडूवर बसलेल्या मुंगीला विचारलं तर ती सांगेल की काहीच बदललं नाही. पहिला चेंडू तेव्हाही माझ्यापासून सेकंदाला १० मीटरने वर सरकत होता आणि आत्ताही तसाच सरकतोय. या मुंगीच्या दृष्टीने पहिल्या चेंडूवर कसलंही बल नाही. तो सरळ रेषेत, एकाच वेगाने दूर जातोय. अंतर १०, २०, ३०, ४० मीटर असं वाढत जातं, आणि चौथ्या सेकंदाला दुसरा चेंडू जमिनीवर पडतो तेव्हा पहिला बरोबर ४० मीटर उंचीवर असतो.

शास्त्राच्या भाषेत, दोघांचं त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, सारखं असल्यामुळे त्यांचं सापेक्ष त्वरण शून्य असतं, आणि सापेक्ष त्वरण शून्य असेल तर सापेक्ष वेग स्थिर राहतो. वाक्य एका ओळीचं आहे, पण ते अंगात भिनायला वेळ लागतो.

याच ठिकाणी आणखी एका समजाला धक्का बसतो. शिखरावर चेंडूचं त्वरण शून्य असतं असं अनेकांना वाटतं, कारण तिथे तो थांबलेला दिसतो. वेग शून्य होतो हे खरं, पण वजावट तिथेही चालूच असते. ती थांबली असती तर वेग शून्यावरच राहिला असता आणि चेंडू तिथेच लटकला असता. मुंगीच्या नजरेतूनही बघा. शिखरावर गुरुत्वाने क्षणभर सुट्टी घेतली असती, तर एका चेंडूच्या खात्यातून पैसे कापले गेले असते आणि दुसऱ्याच्या नाही, आणि मुंगीला पहिल्या चेंडूच्या चालीत झटका दिसला असता. तसा तो कधीच दिसत नाही.

आता तुम्ही विचारलेली खरी परिस्थिती घेऊ: एकाच वेगाने फेकलेले, पण मागेपुढे सुटलेले चेंडू. दोन्ही २० च्या वेगाने फेकले, दुसरा पहिल्यानंतर १ सेकंदाने. हवेत ते एकमेकांना कधी भेटतील?

हे गणित फळ्यावर लिहिलं की एक उत्तर हमखास येतं. दोघांचा सुरुवातीचा वेग २०, वजाबाकी शून्य, सापेक्ष वेग शून्य, म्हणून ते कधीच भेटणार नाहीत. उत्तर देणाऱ्याने नियम बरोबर वापरलाय, फक्त चुकीच्या क्षणाचे आकडे घेतलेत. पहिल्याचे २० हे एक सेकंद जुने आहेत. दुसरा हातातून सुटतो त्या क्षणी पहिल्याच्या खात्यातून १० कापले गेलेले आहेत. वेगांची वजाबाकी एकाच क्षणाची हवी. गेल्या महिन्याची शिल्लक आणि आजची शिल्लक यांची वजाबाकी करून काही कळत नाही.

तेव्हा घड्याळ दुसरा चेंडू सुटतो तिथून चालू करा. त्या क्षणी पहिला १५ मीटर उंचीवर आहे आणि १० च्या वेगाने अजून वरच चाललाय. दुसरा हातातून २० ने निघतोय. म्हणजे दुसरा पहिल्याच्या जवळ सेकंदाला १० मीटरने येतोय आणि मध्ये अंतर आहे १५ मीटर. दीड सेकंदात भेट. वर्गसमीकरण लागलं नाही आणि गुरुत्वत्वरणाचा आकडाही या शेवटच्या पायरीत आला नाही. ताळा करून पाहू. पहिला चेंडू एकूण अडीच सेकंद हवेत, त्याची उंची ५० वजा ३१.२५ म्हणजे १८.७५ मीटर. दुसरा दीड सेकंद हवेत, त्याची उंची ३० वजा ११.२५, तीही १८.७५ मीटर. भेटीच्या क्षणी पहिला ५ च्या वेगाने खाली येतोय, दुसरा ५ च्या वेगाने वर जातोय. एकमेकांच्या सापेक्ष वेग अजूनही १० च.

तुम्ही म्हणत होता तो प्रसंग नेमका हाच आहे: एक खाली येताना जोर धरतोय, दुसरा वर जाताना मंदावतोय. पहिल्याचा उणे ५ पुढच्या पाव सेकंदात उणे ७.५ होतो, दुसऱ्याचा अधिक ५ तेवढ्याच वेळात अधिक २.५ होतो. खाली येणाऱ्याने जेवढा वेग कमावला तेवढाच वर जाणाऱ्याने गमावला. म्हणून दोघांमधला फरक जागच्या जागी राहिला.

या दोन चेंडूंमधल्या अंतराचा आलेख एकदा स्वतः काढाच. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पहिल्या चेंडूची उंची वजा दुसऱ्याची उंची. पहिल्या सेकंदात रेष वाकडी येते, कारण दुसरा चेंडू अजून हातात आहे. त्यालाही गुरुत्व खाली ओढतंयच, पण हाताने त्याला धरून ठेवलंय, म्हणून त्याच्या खात्यातली वजावट लगेच भरून निघते. वजावट एकाच खात्याला लागू पडली की फरक बदलणारच. १ सेकंदापासून ४ सेकंदांपर्यंत दोन्ही चेंडू हवेत असतात. तिथे आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ, अधिक १५ मीटरपासून उणे १५ मीटरपर्यंत. चौथ्या सेकंदाला पहिला जमिनीवर पडतो, आणि तिथून रेष पुन्हा वाकते. माझ्या अनुभवात हा एक आलेख दहा गणितांचं काम करतो. रेष वाकडी दिसली की समजायचं, दोघांपैकी कोणाला तरी कुणीतरी आधार दिलाय.

म्हणून सापेक्ष गतीचं सूत्र वापरण्याआधी पहिला प्रश्न एकच: या क्षणी दोन्ही वस्तू हवेत आहेत का?

मग गुरुत्वाचा सापेक्ष गतीवर काहीच परिणाम नाही असं म्हणायचं का? जपून म्हणायला हवं. दोघे मोकळे झाल्यानंतर भेट किती वेळाने होणार हे गुरुत्व ठरवत नाही. भेट कुठे होणार, आणि होणार तरी का, हे मात्र तेच ठरवतं.

६० मीटर उंच मनोऱ्यावरून एक दगड नुसता सोडला, आणि त्याच क्षणी पायथ्यापासून दुसरा दगड २० च्या वेगाने सरळ वर फेकला. मधलं अंतर ६० मीटर, जवळ येण्याचा वेग २०, तीन सेकंदांनी भेट. पृथ्वीवर त्या तीन सेकंदांत वरचा दगड ४५ मीटर खाली येतो, म्हणजे भेट जमिनीपासून १५ मीटरवर होते. गंमत अशी की तोवर खालून फेकलेला दगडही वर जाऊन परत फिरलेला असतो. त्याचा वेग उणे १०, वरच्याचा उणे ३०. दोघेही खालीच चाललेत आणि मागचा पुढच्याला गाठतोय. 'एक वरून, एक खालून, मध्ये समोरासमोर भेट' हे मनातलं चित्र इथे चुकतं.

आता हाच प्रयोग चंद्रावर करा. तिथलं गुरुत्वत्वरण १.६ च्या आसपास. अंतर ६०, सापेक्ष वेग २०, भेट तीन सेकंदांनीच. पण त्या वेळात वरचा दगड जेमतेम ७.२ मीटर खाली आलेला असतो. भेट ५२.८ मीटर उंचीवर होते आणि खालचा दगड अजून १५ पेक्षा जास्त वेगाने वर चाललेला असतो. ठिकाण बदललं, दिशा बदलली, वेळ तीच राहिली.

आणि पृथ्वीवर खालचा दगड २० ऐवजी १० ने फेकला तर? कागदावर भेट ६ सेकंदांनी. पण तो दगड २ सेकंदांतच जमिनीवर परत येतो आणि वरचा साडेतीन सेकंदांच्या आत खाली पोचतो. हवेत भेट होतच नाही. ६० मीटरसाठी फेकीचा वेग किमान १७.३ हवा. तेवढ्यात दोघे नेमके जमिनीला टेकताना भेटतात. सापेक्ष गतीचं साधं सूत्र वापरून आलेलं उत्तर या कसोटीवर घासून घ्यायला मुलं विसरतात, आणि परीक्षेत गुण इथेच जातात.

वस्तुमानाचा मुद्दा लवकर आटपतो. जड वस्तूला पृथ्वी जास्त बलाने ओढते, पण तिला हलवायलाही तेवढंच जास्त बल लागतं, त्यामुळे त्वरण सगळ्यांचं सारखं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून १.३२ किलोचा हातोडा आणि सुमारे ३० ग्रॅमचं पीस एकदम सोडलं. दोन्ही एकदम खाली पडली. त्या चित्रफितीत दोन्ही वस्तू बरोबरीने उतरताना बघताना मनात म्हणा, यांचा सापेक्ष वेग शून्य होता आणि शून्यच राहिला. चंद्राच्या गुरुत्वाला दोघांमध्ये भेद करताच आला नाही.

हे सगळं कागदावर पटलं तरी मन पूर्ण मानत नाही. त्यासाठी मी वर्गात एक बाटली घेऊन येतो. प्लास्टिकची साधी बाटली, बुडापासून बोटभर उंचीवर एक भोक, आत पाणी, झाकण उघडं. भोकावरचं बोट काढलं की धार सुरू होते. आधी बाटली उंचावरून सोडून दाखवतो. पडताना धार बंद होते. हे बहुतेकांना अपेक्षित असतं. मग विचारतो, आता ही वर फेकली तर? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो की वर जाताना धार चालू राहील, कदाचित जास्त जोरात येईल, आणि खाली येताना बंद पडेल. बाटली फेकतो. हात तिला वर ढकलत असतो त्या क्षणी धार खरंच जोरात येते. पण बाटली हातातून सुटली की तिथेच धार बंद. वर जातानाही बंद, शिखरावरही बंद, खाली येतानाही बंद.

नीट बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. सुटण्याच्या आधी बाहेर पडलेले थेंब बाटलीपासून सरळ रेषेत, एकसारखे दूर जातात, जणू बाटली आणि थेंब दोन्ही कुठल्याही गुरुत्वाविना तरंगताहेत. धार आपण एरवी पाहतो तशी खाली वळत नाही. हे बघायला मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करा आणि थेंब बाटलीच्या सापेक्ष कसे सरकतात ते बघा.

कारण तेच. हातात धरलेल्या बाटलीचं त्वरण शून्य असतं, पाणी मात्र पडू पाहतं, म्हणून ते बुडावर आणि भिंतींवर दाब देतं आणि भोकातून निसटतं. बाटली मोकळी सुटली की दोघांचं त्वरण एकच. पाण्याला बाटलीच्या सापेक्ष पडायला जागाच उरत नाही. भारहीनता ही खाली पडताना येणारी अवस्था आहे हा समज इथे गळून पडतो. ती मोकळं सुटल्या क्षणी सुरू होते, मग दिशा कोणतीही असो.

याच गोष्टीचा मोठा उपयोग जर्मनीतल्या ब्रेमेन इथल्या पतन मनोऱ्यात केला जातो. तिथे हवा काढून टाकलेल्या सुमारे ११० मीटरच्या नळीतून प्रयोगाची कुपी सोडतात. तिला ४.७४ सेकंदांची भारहीनता मिळते. पुढे त्यांनी कुपी वरून सोडण्याऐवजी तळातून वर भिरकावायची सोय केली आणि भारहीनतेचा वेळ ९ सेकंदांच्या पुढे गेला, कारण वर जाण्याचा वेळही हिशोबात आला. मनोरा तोच आणि वेळ जवळपास दुप्पट.

आता याची उलट बाजू. सापेक्ष गतीत गुरुत्व दिसतं तेव्हा दोघांपैकी एक जण मोकळा नसतो. लिफ्टचं उदाहरण घ्या. लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असताना तुम्ही आत ५ च्या वेगाने चेंडू उडवला, तर तो १ सेकंदाने हातात परत येतो, अगदी घरात बसून उडवल्यासारखाच. लिफ्ट २ च्या त्वरणाने वर वेग घेत असेल तर तुमच्या दृष्टीने चेंडूचं त्वरण १२ होतं आणि तो ०.८३ सेकंदातच परत येतो. लिफ्ट मोकळी पडत असेल तर चेंडू परत येतच नाही, ५ च्या वेगाने सरळ छताकडे जातो. तीनही वेळा चेंडूवर पृथ्वीचं ओढणं तेच होतं. फरक पडला तो तुमच्या पायाखालच्या फरशीने तुम्हाला किती ढकललं यामुळे. जमिनीवर उभं राहून चेंडूची जी कमान आपण बघतो, तिच्यात जमिनीने आपल्याला वर धरून ठेवण्याचाही वाटा असतो. चेंडूइतकेच मोकळे असतो, तर आपल्याला ती कमान दिसलीच नसती.

तिरप्या फेकीतही काही वेगळं होत नाही. एक वस्तू सरळ वर, दुसरी तिरकी फेका. जमिनीवरून बघता एकीचा मार्ग उभी रेष आणि दुसरीचा अन्वस्त (पॅराबोला), म्हणजे कमानीसारखा वक्र. एकीवरून दुसरीकडे बघा, मार्ग सरळ रेष. प्रयोगशाळेत विद्युतचुंबकाला टांगलेलं लक्ष्य आणि त्याच्यावर रोखलेली छोटी तोफ असते. गोळी नळीतून सुटते त्याच क्षणी चुंबक बंद होऊन लक्ष्यही पडू लागतं. नेम धरायचा तो थेट लक्ष्यावर, थोडा वर वगैरे नाही, आणि गोळी जमिनीवर आपटण्याआधी तिथवर पोचणार असेल तर लागतेच.

माझं सगळ्यात आवडतं चित्र मात्र आकाशात फुटणाऱ्या शोभेच्या दारूचं. तो गोळा फुटला की ठिणग्या सगळ्या दिशांना जवळपास सारख्या वेगाने उडतात. वर उडालेली मंदावते, खाली उडालेली वेग घेते, आडव्या उडालेल्या वळतात. इतकी धांदल असूनही आपल्याला दिसतो तो गोल चेंडू, फुगत जाणारा. वरून चेपलेला नाही, खालून ओघळलेला नाही. फुटल्यानंतर २ सेकंदांनी, ठिणग्यांचा वेग १५ असेल तर त्या गोलाची त्रिज्या ३० मीटर, आणि त्याचा मध्य फुटलेल्या जागेपासून गुरुत्वाने जितका खाली यायला हवा तितका खाली. गुरुत्वाने सबंध गोल अखंड उचलून खाली आणला, ठिणग्यांच्या आपसातल्या नात्याला हात लावला नाही. प्रत्यक्षात हवेमुळे तो फुगण्याचा वेग लवकर मंदावतो, पण गोलपणा बऱ्यापैकी टिकतो.

हवेची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगायला हवी, कारण घरी प्रयोग करणाऱ्याला पुस्तकापेक्षा वेगळी उत्तरं मिळतात ती तिच्यामुळेच. हवेचा रोध गुरुत्वासारखा समदर्शी नाही. तो वेग बघतो, आकार बघतो, आणि त्याचा परिणाम वस्तुमानावरही अवलंबून असतो. टेबलटेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा. तो सेकंदाला १० मीटरने जात असेल तर हवेचा रोध त्याच्या वजनापेक्षाही थोडा जास्त होतो. क्रिकेटच्या चेंडूला त्याच वेगाला तो वजनाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. हे दोन चेंडू एकाच वेगाने वर फेकले तर सुटल्या क्षणापासून त्यांची त्वरणं वेगळी, म्हणजे सापेक्ष वेग बदलणार. अगदी एकसारखे दोन चेंडू वेगवेगळ्या वेगाने फेकले तरी रोध वेगळा, म्हणून थोडा फरक पडणारच. तेव्हा पडताळा घ्यायचा असेल तर लहान आणि जड वस्तू घ्या, वेग कमी ठेवा, आणि चित्रणातल्या चौकटी मोजून सारख्या वेळेच्या अंतराने दोघांमधलं अंतर नोंदवा. अंतरातली वाढ दर वेळी सारखी येते.

ही कल्पना जुनी आहे. न्यूटन यांनी १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रिन्सिपिया या ग्रंथात गतीच्या तीन नियमांमागोमाग काही उपप्रमेयं दिली आहेत. त्यातलं सहावं सांगतं की वस्तूंच्या एखाद्या समूहाला एकाच दिशेने सारखं त्वरण मिळत असेल, तर त्यांची आपसातली हालचाल त्या त्वरणाविना झाली असती तशीच होते. आपले दोन चेंडू म्हणजे या उपप्रमेयाचं सगळ्यात लहान उदाहरण. पुढे १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करताना आइन्स्टाइन यांना सुचलं की मोकळा पडणारा माणूस स्वतःचं वजन अनुभवत नाही, आणि त्याने हातातून सोडलेल्या वस्तू त्याच्याजवळ स्थिर राहतात. आयुष्यातला सर्वांत सुखद विचार असं त्यांनी त्याला म्हटलं आहे. सामान्य सापेक्षता या त्यांच्या गुरुत्वाच्या सिद्धांताची वाट तिथून सुरू होते. त्यामुळे कुणी 'हे तर नुसतं वजाबाकीचं गणित' म्हणालं की मला वाईट वाटतं. त्या वजाबाकीत बरंच काही दडलेलं आहे.

शेवटी एक बारकावा, कारण वर मी 'सापेक्ष त्वरण शून्य' असं ठामपणे लिहिलं आहे. ते शून्य येतं दोन्ही चेंडूंच्या जागी गुरुत्वत्वरण एकच धरल्यामुळे. काटेकोरपणे ते एकच नसतं. उंचीनुसार ते कमी होतं, आणि त्याची दिशा नेहमी पृथ्वीच्या केंद्राकडे असते. एक चेंडू दुसऱ्यापेक्षा १० मीटर वर असेल तर खालच्याचं त्वरण सुमारे ०.००००३ ने जास्त असतं. चार सेकंदांत त्यामुळे दोघांमध्ये पडणारं जादा अंतर पाव मिलिमीटर. एकाच उंचीवर शेजारीशेजारी फेकलेले चेंडू उलट किंचित जवळ येतात, कारण दोघेही केंद्राकडे झुकतात. एक मीटर अंतरासाठी चार सेकंदांत हे जवळ येणं केसाच्या जाडीहूनही कमी भरतं. दोन चेंडूंचं आपसातलं गुरुत्वाकर्षण तर याहूनही कितीतरी पटींनी क्षीण.

चेंडूंच्या गणितात हा उरलेला भाग सोडून दिला तरी चालतो. पण वस्तू मोठ्या झाल्या की हाच भाग डोळ्यांत भरतो. पृथ्वी आणि तिच्यावरचे समुद्र सूर्याच्या ओढीत एकत्र पडत असतात, चंद्राच्या ओढीतही एकत्र पडत असतात, आणि दोघांच्या खात्यातून सारखी वजा होणारी रक्कम वजाबाकीत निघून जाते. समुद्राला जाणवतो तो फक्त जागेनुसार पडणारा फरक, आणि भरती-ओहोटी त्याचीच. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पटींहून जास्त बलाने ओढतो, तरी भरतीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून अधिक असतो. चंद्र जवळ आहे, म्हणून पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूला त्याच्या ओढीत पडणारा फरक मोठा आहे.